पहाटे उतरलात, खोली दुपारी मिळणार: तोवर बॅगा कुठं ठेवायच्या?

मुंबईहून रात्री सुटलेली देवगिरी एक्स्प्रेस छत्रपती संभाजीनगरला पहाटे अंधारातच पोचते. रात्रभर चालणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्याही तांबडं फुटायच्या सुमारास माणसं उतरवून पुढं जातात. होमस्टेची खोली मात्र मिळते दुपारी बाराला, एकला, कुठं दोनला. मधले सात-आठ तास, सोबत दोन लेकरं, एखादं म्हातारं माणूस आणि चार बॅगा. वेरूळ-अजिंठा पाहायला पहिल्यांदाच मराठवाड्यात येणाऱ्या कुटुंबाचा पहिला दिवस बहुतेक वेळा इथंच अडकतो.

पडेगावच्या बाजूला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्या आम्ही पाहुण्यांना देतो. पहाटे साडेपाचला फाटकाची कडी वाजली की मला कळतं, फोन न करता कोणीतरी आलंय. त्यांना परत पाठवायला जिवावर येतं, पण आत घ्यायला खोली रिकामी नसते. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. घरून निघण्याआधी दोन फोन केलेत आणि बॅगा थोड्या विचारानं भरल्यात, तर यातला जवळजवळ सगळा त्रास टळतो.

खोली लवकर का मिळत नाही

आधी हे समजून घ्या, म्हणजे काय मागायचं आणि काय नाही ते कळेल. आदल्या रात्रीचे पाहुणे सकाळी दहा-अकराला निघतात. मग चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल बदलायचे, न्हाणीघर घासायचं, लादी पुसायची, पाण्याची टाकी बघायची. दोन खोल्यांच्या घरात हे काम आम्ही दोघी-तिघी करतो आणि त्याला दोन तास सहज जातात. शिवाय आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. धुणं कधी काढायचं हे त्या पाण्यावर ठरतं. चादरींचे जादा जोड ठेवलेले असतात, तरी सुट्टीच्या हंगामात तेही पुरत नाहीत.

त्यामुळं 'पहाटे पाचला खोली द्या' ही मागणी बहुतेक ठिकाणी पुरी होऊ शकत नाही. आदली रात्र रिकामी असेल तर देतातही, कुणी अर्ध्या दिवसाचे पैसे घेऊन देतात. पण 'बॅगा ठेवून घ्याल का?' याला नाही म्हणणारं घर माझ्या पाहण्यात फार कमी आहे. गावाकडच्या जुन्या वाड्यांना ढाळज असायची. दरवाजातून आत आलं की दोन्ही बाजूंना ओटे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाठोडं आधी तिथं टेकायचं. घरात कोणी असो नसो, ढाळजेत टेकायला परवानगी लागत नसे. आमच्या सिमेंटच्या घरात ढाळज नाही, पण जिन्याखाली कुलपाची खोली आहे आणि ती त्याच कामाला ठेवली आहे.

पहिली पायरी: बुकिंग करतानाच विचारा

निघण्याच्या दिवशी नाही आणि गाडीत बसल्यावर तर नाहीच. खोली ठरवली त्याच दिवशी यजमानांना निरोप पाठवा. तो असा असू द्या:

'नमस्कार ताई. आम्ही शुक्रवारी पहाटे देवगिरीनं येतोय. चार मोठी माणसं, एक लहान मूल. खोली तुम्ही म्हणाल त्या वेळी घेऊ. त्याआधी तीन बॅगा आणि एक पिशवी तुमच्याकडे ठेवता येईल का? किती वाजल्यापासून? तेव्हा घरी कोणी असेल का?'

या निरोपात तीन गोष्टी आल्या: वेळ, नगांची संख्या, आणि घरी माणूस असणं. तिसरी लोक विसरतात. ज्या घरात यजमान स्वतः राहतात तिथं प्रश्न नसतो. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेतली बरीच घरं अशीच, घरमालक राहतात ती असतात. पण आता बरेच जण फ्लॅट भाड्यानं देतात आणि स्वतः पुण्या-मुंबईला असतात. दाराला आकड्यांचं कुलूप असतं आणि साफसफाईची बाई अकराला येते. अशा ठिकाणी पहाटे बॅग घ्यायला कोणीच नसतं. तिथं वॉचमनच्या खोलीत ठेवा असं सांगितलं, तर वॉचमनचं नाव आणि फोन नंबर मागून घ्या. पाळी बदलते त्या वेळी नवा माणूस 'मला माहीत नाही' म्हणाला, असं आमच्या शेजारच्या सोसायटीत घडलेलं आहे.

उत्तर लेखी घ्या. फोनवर 'या की, ठेवू' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात राहीलच असं नाही. आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा कळवा: 'उद्या पहाटे येतोय, बॅगांचं लक्षात आहे ना?'

गाडीचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. शहराचं नाव बदलल्यावर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि स्थानकाचा कोडही बदलला. जुन्या माहितीत अजून औरंगाबादच दिसतं. दोन्ही एकच स्थानक.

दुसरी पायरी: पहिल्या दिवसाचा रस्ता बॅगेवरून ठरवा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर आहे आणि सूर्योदयाला उघडतं. अजिंठा सुमारे १०० किलोमीटर लांब, फुलंब्री-सिल्लोडच्या रस्त्यानं, आणि उघडतं नऊला. म्हणून पहाटे उतरणाऱ्यांना मी नेहमी सांगते की पहिल्या दिवशी वेरूळ करा. दौलताबाद त्याच रस्त्यावर आहे. खोली पडेगाव, मिटमिटा किंवा छावणीकडे असेल तर बॅगा जाता जाता टाकता येतात. खोली सिडकोच्या बाजूला असेल तर स्टेशनवरून आधी पूर्वेला जाऊन परत पश्चिमेला यावं लागेल. मग रिक्षाचे जादा पैसे धरून ठेवा किंवा बॅगा स्टेशनवरच ठेवायचा विचार करा.

बॅगा घेऊनच फिरू, असं कोणी म्हणालं तर कृपा करून ऐकू नका. वेरूळला ३४ लेणी आहेत आणि ती डोंगराच्या कडेनं दोनेक किलोमीटरवर पसरली आहेत. कैलास लेणं, म्हणजे १६ क्रमांकाचं, समोरच आहे, पण जैन लेणी पार उत्तर टोकाला. खडीवर आणि पायऱ्यांवर चाकाची बॅग चालत नाही. दौलताबादचा किल्ला तर चढाचा, शेकडो पायऱ्यांचा, आणि मधे अंधारीचा बोगदा, जिथं दोन्ही हात मोकळे हवेत. तिथं पाठीवर बोजा घेऊन चढलेल्या आजोबांना मी अर्ध्या वाटेवर बसलेलं पाहिलंय.

तिसरी पायरी: घरीच सामानाचे दोन भाग करा

सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो. ठेवायची बॅग वेगळी आणि अंगावरची पिशवी वेगळी. स्टेशनच्या फलाटावर बॅग उघडून दात घासायचा ब्रश शोधणारी माणसं पाहिली की वाटतं, हे घरी दहा मिनिटांत झालं असतं.

अंगावरच्या पिशवीत पैसे, ओळखपत्र, दागिने, औषधं, मोबाइलचा चार्जर आणि पॉवर बँक, पाण्याची बाटली, टोपी, एक टॉवेल, साबण, ब्रश आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड. लहान मूल असेल तर दुधाची बाटली आणि दोन जोड. ही पिशवी दिवसभर तुमच्याजवळच राहील. कितीही विश्वासाचं घर असलं तरी दागिने आणि रोख रक्कम ठेवायच्या बॅगेत घालू नका. आम्हालाही त्याचा घोर नको असतो.

औषधांबद्दल जरा सविस्तर सांगते. मार्च ते जून आमच्याकडे ऊन ४० अंशांच्या पुढं जातं. बंद खोलीत, आणि त्याहून जास्त बंद गाडीत, ते आणखी चढतं. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, आणि वापरात असलेलं इन्सुलिनही उन्हात तापू द्यायचं नसतं. ते ठेवायच्या बॅगेत घालू नका. यजमानांना सांगा, 'थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवाल का?' कोणीही आनंदानं ठेवेल. डबीवर तुमचं नाव लिहा आणि डबी फ्रीजरमध्ये जाणार नाही हे बघा, कारण गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

ठेवायच्या प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये, म्हणजे स्थानकावरच्या सामान ठेवायच्या खोलीत, कुलूप नसलेली बॅग घेतच नाहीत. नुसत्या चेनच्या पिशव्या, वायरच्या टोपल्या, खाऊचे डबे वेगळे राहिले की अडचण होते, म्हणून बारकं सामान एका मोठ्या कुलपाच्या बॅगेत घालून नग कमी करा. चार नगांचे दोन झाले तर पैसेही वाचतात आणि मोजायलाही सोपं जातं.

आणि बॅगेला ओळखीची खूण करा. काळ्या रंगाच्या बॅगा सगळीकडे सारख्या दिसतात. एका गावी माझी बॅग मी विश्वासानं एका दुकानात ठेवली होती. परत गेले तर तशीच दुसरी बॅग माझ्या हातात दिली, आणि खोलीवर जाऊन उघडेपर्यंत मलाही कळलं नाही. माझी बॅग मिळाली, पण तोवर दुसऱ्या गावाला पोचली होती आणि सगळा दिवस त्यात गेला. तेव्हापासून माझ्या बॅगेच्या मुठीला जुन्या इरकलीचा लाल काठ बांधलेला असतो.

चौथी पायरी: यजमानांकडे जमलं नाही तर कुठं

रेल्वेनं आला असाल तर आधी स्थानकावरची क्लोकरूम. मोठ्या स्थानकांवर ती असते. चालू आहे का आणि कुठल्या वेळेत, हे उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर विचारा. घरूनच रेल्वेच्या चौकशीच्या १३९ या नंबराला फोन करून विचारलं तर आणखी बरं. तिकीट दाखवावं लागतं, म्हणून ते मोबाइलमधून पुसू नका. ओळखपत्रही हाताशी ठेवा. पैसे नगावर आणि २४ तासांच्या हिशोबानं लागतात. पाच तास ठेवलं तरी पूर्ण दिवस धरतात. खाण्याचे नासणारे पदार्थ, पेट घेणाऱ्या वस्तू घेत नाहीत. मिळालेल्या पावतीचा लगेच फोटो काढा. पावती हरवली तर हमीपत्र लिहून देणं, ओळख पटवणं यात वेळ जातो आणि तोवर संध्याकाळची गाडी निघून जाते.

सोबत म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल तर क्लोकरूमपेक्षा रेल्वेची रिटायरिंग रूम बघा. आयआरसीटीसीवर, पक्क्या किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती ठरवता येते. बॅगा, आंघोळ आणि दोन तासांची झोप एकाच जागी होते. ती मिळाली तर पहिला दिवस किती वेगळा जातो हे आमच्याकडे आलेल्या एका आजींनी मला तासभर सांगितलं. खोल्या मोजक्या असतात, म्हणून तिकीट पक्कं झालं की लगेच बघा.

एसटीनं येणाऱ्यांनी मध्यवर्ती बसस्थानकावर सामान ठेवायची सोय असेलच असं धरून येऊ नये. चौकशी खिडकीवर विचारा, नसेल तर पुढचा मार्ग घ्या. लेकराला पाजायचं असेल तर हिरकणी कक्ष आहे, पण तो आयांसाठी आहे. तिथं बॅगा रचून घरच्यांनी फिरायला जाऊ नये. आणि फलाटावर शेजारच्या अनोळखी प्रवाशाला 'जरा बघा हं' म्हणून बॅग सोडून जाणं तर कुठंच नको. ती चोरीला जाईल ही एक भीती, आणि बेवारस बॅग म्हणून पोलीस येऊन सगळा फलाट रिकामा करतील ही दुसरी.

मग उरतं साधं लॉज. स्टेशनच्या आणि बसस्थानकाच्या आसपास काही तासांसाठी खोली देणारे लॉज आहेत. चार माणसांनी आंघोळ करून बॅगा ठेवायच्या तर तो खर्च परवडतो. फक्त खोली किती वाजता सोडायची ते आधी ठरवा. नाहीतर तुम्ही वेरूळला आणि खोलीची वेळ संपलेली, असं होतं.

दिवसभरासाठी गाडी केली असेल तर बॅगा डिकीत ठेवायचा मोह होतो. मी स्वतः तो मार्ग शेवटचा धरते, विशेषतः अजिंठ्याला. तिथं खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं. म्हणजे अर्धा दिवस तुमच्या बॅगा तुमच्यापासून चार किलोमीटर लांब, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत राहतात. दुसरा इलाज नसेल तर निघतानाच गाडीच्या नंबराचा फोटो काढा, चालकाचा नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, सगळ्या बॅगा डिकीत घाला म्हणजे काचेतून काही दिसणार नाही. पॉवर बँक, बॅटरीवरची खेळणी, सेंटच्या बाटल्या तापलेल्या गाडीत सोडू नका. चालकाला जेवणाचे पैसे द्या आणि 'गाडीजवळच थांबाल ना?' असं तोंडानं विचारा. न विचारताच तो थांबेल असं धरू नका.

देवस्थानाच्या गावी आलात तर

इथं रीत निराळी आहे. तुळजापुरात बरीच घराणी पिढ्यान् पिढ्या आपापल्या पुजाऱ्यांकडे उतरतात. तुमच्या घरचे पुजारी कोण हे आईला, आत्याला विचारून या. त्यांच्या घरी बॅगा टेकल्या, हातपाय धुतले की थेट दर्शनाला जाता येतं. मंदिरात पायऱ्या उतरून जायचं असतं, वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ, आणि नवरात्रात, अश्विन पौर्णिमेला रांग इतकी मोठी की हातात बॅग म्हणजे स्वतःला आणि मागच्याला त्रास. पुजाऱ्यांकडे उतरलात तर दक्षिणेचं आधी मोकळेपणानं बोलून घ्या. त्यात काही वाईट वाटायचं कारण नाही, दोघांनाही सोपं जातं.

नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं मोठी आहेत. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला देशभरातून लोक येतात, त्यामुळं रात्री-अपरात्री पोचणाऱ्यांची सवय तिथल्या व्यवस्थेला आहे. गुरुद्वाऱ्यांमध्ये चपला ठेवायच्या जागेला जोडा घर आणि सामान ठेवायच्या जागेला गठरी घर म्हणतात. हे दोन शब्द माहीत असले की सेवेकऱ्यांना विचारणं सोपं जातं. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी अंगावरच्या पिशवीतच ठेवा, ठेवायच्या बॅगेत नको.

वेरूळच्या घृष्णेश्वराला गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. खिशातलं पाकीट आणि मोबाइल कुणाकडे देणार हे बाहेरच ठरवा. फुलं-प्रसाद घेतला की दुकानदार चपला आणि पिशव्या ठेवून घेतात. चपला खुशाल ठेवा. कपड्यांची पिशवीही ठेवा. पण पैशाची पिशवी घरातल्या एकानं बाहेर थांबून सांभाळावी आणि मग पाळी बदलून दर्शन घ्यावं. आम्ही घरचे लोकही तसंच करतो.

पाचवी पायरी: बॅग देताना आणि घेताना

दोघांसमोर नग मोजा. सगळ्या बॅगा शेजारी शेजारी उभ्या करून एक फोटो काढा आणि तो यजमानांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: 'तीन बॅगा, एक पिशवी, सकाळी ६.२० ला ठेवल्या. दुपारी दोनपर्यंत घेऊ.' तो फोटो हीच तुमची पावती, आणि आमचीही. मला तर असा निरोप आला की बरं वाटतं, कारण दुपारी दार उघडायला माझी सासू असेल तर तिला तो दाखवता येतो.

ओळखपत्राची प्रत मागितली तर द्या, पाहुण्यांची नोंद ठेवावी लागते. आधारची द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. बॅग ठेवायच्या तारणापोटी मूळ कार्डच कोणी ठेवून घेत असेल, तर मात्र दुसरी जागा बघा.

'सामान आपल्या जबाबदारीवर ठेवावे' अशी पाटी पुष्कळ ठिकाणी दिसते. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये दुसऱ्याची वस्तू विश्वासानं सांभाळायला घेण्याला निक्षेप म्हटलं आहे (कलम १४८), आणि घेणाऱ्यानं ती स्वतःच्या वस्तूसारखी, साधारण शहाण्या माणसाइतकी काळजी घेऊन सांभाळायची असते (कलम १५१). पैसे घेतले नाहीत तरी हे लागू होतं. यजमान म्हणून मी ते मनापासून मानते. पण भांडायची वेळ येण्यापेक्षा मोजणी, फोटो आणि कुलूप या तीन गोष्टी पाहुण्यांनी केल्या तर दोन्हीकडं मन स्वच्छ राहतं.

दुपारी उशीर होणार असेल तर फोन करा. कैलास लेण्यात पाय निघत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण आम्हालाही कधी दवाखान्यात, कधी लग्नाला जायचं असतं, आणि तुमच्या बॅगांसाठी कोणीतरी घरात बसलेलं असतं.

निघायच्या दिवशी पुन्हा तेच

खोली सकाळी दहा-अकराला सोडायची आणि परतीची गाडी रात्रीची, ही अडचण सकाळच्या अडचणीची जुळी बहीण आहे. येतानाच विचारून ठेवा: 'शेवटच्या दिवशी बॅगा रात्री आठपर्यंत राहू देत का?' त्या दिवशी खरेदी होते. पैठणीची घडी, हिमरूची शाल, उन्हाळ्यात केशर आंब्यांची पेटी. नग वाढतात, म्हणून बॅगेत जागा ठेवून या. आंब्याची पेटी बंद खोलीत बॅगांखाली दाबून ठेवू नका. यजमानांना सांगून हवेशीर कोपऱ्यात ठेवा, आणि निघताना नग मोजाल तेव्हा ती पेटी धरून मोजा. मागच्या मे महिन्यात एक पेटी आमच्या जिन्याखाली राहिली. पाहुण्यांची गाडी सुटायला पाऊण तास होता, हे स्कूटरवर पेटी पुढं ठेवून स्टेशनला गेले आणि डबा लागेपर्यंत फलाटावर उभे राहिले.